साडेतीन गुणिले अडीच: सव्वासहा का नाही?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
सहावीतील माझ्या मुलीने ३ १/२ × २ १/२ हे उदाहरण सोडवताना पूर्णांकाला पूर्णांकाने आणि अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणून ६ १/४ असे उत्तर काढले. पुस्तकात ८ ३/४ आहे. बेरजेत चालणारी ही रीत येथे का चुकते, हे तिला कसे समजवावे?

उत्तर (नेरूळ):
साडेतीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद खोलीचा आराखडा काढून अर्ध्या मीटरच्या पट्ट्या वेगळ्या दाखवल्यास तिचे चार भाग पडतात: ६, दीड, १ आणि पाव चौरस मीटर. आपल्या मुलीने पहिला व शेवटचा भाग धरला. मधले अडीच चौरस मीटर राहूनच गेले. लेखी रीत अशी: ७/२ × ५/२ = ३५/४.

उत्तर (वाशी):
आमच्या पिढीला अडीचकी आणि औटकी (अडीचचा आणि साडेतीनचा पाढा) पाठ असल्यामुळे ‘पावणेनऊ’ हे उत्तर तोंडावरच असे. त्यामागचे कारण मात्र कोणी सांगितले नव्हते.

प्रश्नकर्ती:
आराखडा तिला पटला. आता ती विचारते, ४ × २ १/२ मध्ये चारचा छेद कोणता?

उत्तर (नेरूळ):
१ मानावा. ४/१ × ५/२ = २०/२, म्हणजे १०.