मदत हवी आहे: हागारचा प्रसंग मुलांना कसा सांगावा?

शालोम मंडळी. आमच्या सिनेगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनामंदिर) आठवी-नववीच्या मुलांना मी तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) शिकवते, मराठीतूनच. पाराशा वायेरा (तोराचा आठवड्याचा वाचनभाग, उत्पत्ती १८ ते २२) जवळ आलाय. अब्राहामचा पाहुणचार सांगणं सोपं आहे: भर उन्हात धावत सामोरा जातो, 'भाकरीचा तुकडा आणतो' म्हणतो आणि प्रत्यक्षात वासरू, दही, दूध मांडतो, त्याची बायको सारा तीन मापं सपीठ मळायला घेते. थोडं बोला, जास्त करा, हा तालमूदनं (रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ) काढलेला अर्थ मुलांना लगेच पटतो.

अडतंय पुढे, उत्पत्ती २१ मध्ये. तोच अब्राहाम हागारला (साराची दासी, त्याच्या मुलाची आई) भाकर आणि पाण्याची एक मसक देऊन लेकरासकट रानात धाडतो. साराचं ऐक, असं देवानंच सांगितलं होतं, एवढ्यावर ही मुलं गप्प बसणार नाहीत. (बसूही नये!) रोश हशानाच्या (ज्यू नववर्ष) पहिल्या दिवशी आपण हाच अध्याय वाचतो, टाळणार तरी कसा?

१६व्या अध्यायात साराने हागारला छळलं ते पापच, आणि अब्राहामनं होऊ दिलं हेही, असं रामबान (मध्ययुगीन तोरा-भाष्यकार) स्पष्ट लिहितो. मला ते आवडतं, पण काही पालकांना 'सारा इमेनू'बद्दल ('आपली आई सारा') असं बोललेलं खपणार नाही. कुणी हा भाग शिकवलाय का? सुरुवात कुठून केलीत? आणखी कुठला मिद्राश (रब्बींनी तोरावर सांगितलेली कथा किंवा अर्थ) उपयोगी पडला?