गेम ऑफ थ्रोन्स: मालिका बघून झाली, पुस्तकं कुठून सुरू करावीत?

काठावरचा
आठही सीझन, ७३ भाग बघून झालेत. आता जॉर्ज आर. आर. मार्टिनची मूळ पुस्तकं घ्यायची आहेत. पहिले चार सीझन पुस्तकाबरहुकूम आहेत, तेव्हा थेट चौथ्या पुस्तकापासून वाचलं तरी चालतं, असं बऱ्याच जणांचं म्हणणं दिसतं. हे कितपत खरं? दुसरं म्हणजे पुस्तकं पाच म्हणतात आणि विकायला संच सात खंडांचा दिसतो, ही काय भानगड? आणि चौथं-पाचवं पुस्तक एकत्र, प्रकरणं आलटून-पालटून वाचतात म्हणे. त्याची खरंच गरज आहे का? स्पॉयलरची काळजी नको, बिनधास्त लिहा.

पानकिडा
खंडांचं आधी सांगतो. पुस्तकं पाचच आहेत: अ गेम ऑफ थ्रोन्स (१९९६), अ क्लॅश ऑफ किंग्ज (१९९८), अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स (२०००), अ फीस्ट फॉर क्रोज (२००५) आणि अ डान्स विथ ड्रॅगन्स (२०११). सहावं अजून आलेलं नाही. आपल्याकडे बहुतेक ब्रिटिश पेपरबॅक मिळतात. त्यात तिसरं आणि पाचवं पुस्तक जाडीमुळे दोन-दोन भागांत छापलंय, म्हणून सात. सुटे घेणार असाल तर तिसऱ्याचे 'स्टील अँड स्नो' आणि 'ब्लड अँड गोल्ड' हे दोन्ही भाग हातात असू द्या. नुसता पहिला घेतलात तर रेड वेडिंगच्या (लग्नातल्या त्या कत्तलीच्या) आधीच पानं संपतील.

थेट चौथ्यापासून? अजिबात नको. पहिला सीझन म्हणजे पहिलं पुस्तक, दुसरा म्हणजे दुसरं, तिसरा-चौथा मिळून ढोबळमानाने तिसरं, हा हिशोब बरोबर आहे. पण कोण मेलं आणि कोणाचं लग्न कोणाशी लागलं एवढी यादी जुळली म्हणजे गोष्ट जुळली असं नाही. चौथं आणि पाचवं पुस्तक तिसऱ्याच्या शेवटच्या काही प्रकरणांवर उभं आहे, आणि त्यातलंच नेमकं मालिकेने गाळलंय.

टिशाचं, म्हणजे टिरियन लॅनिस्टरच्या पहिल्या बायकोचं, उदाहरण घ्या. पहिल्या सीझनमध्ये टिरियन तंबूत ब्रॉन आणि शे यांना आपल्या पहिल्या लग्नाची हकीकत सांगतो, ती आठवत असेल. ती मुलगी पैसे देऊन आणलेली होती, असं त्याला सांगण्यात आलेलं असतं. पुस्तकात त्याला कोठडीतून सोडवताना भाऊ जेमी कबूल करतो की ते खोटं होतं, ती खरोखरच साध्या शेतकऱ्याची पोर होती. टिरियन वर बापाच्या खोलीकडे जातो तो हे डोक्यात घेऊन. त्या बापाला, टायविनला, बाण लागतो तोही तिच्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर देताना. आणि जाण्याआधी टिरियन भावावर सूड उगवतो: राजा जॉफ्रीला मीच मारलं असं खोटं सांगतो, आणि सर्सी (जेमीची जुळी बहीण आणि प्रेयसी) आणखी कोणाकोणाबरोबर झोपते त्याची नावं घेतो. चौथ्या पुस्तकात जेमीला हीच नावं पोखरत राहतात. शेवटी सर्सीचं 'वाचव' म्हणणारं पत्र तो आगीत टाकतो.

मालिकेत दोघे भाऊ गळाभेट घेऊन निरोप घेतात. जेमी तिला सोडेल असं काही घडतच नाही, म्हणून तो सातव्या सीझनपर्यंत तिच्याशेजारी उभा. आठव्यात तो परत तिच्याकडे गेला म्हणून लोक भडकले, पण त्याची सुरुवात चौथ्या सीझनच्या शेवटच्या भागात झालीय.

दुसरं, रेड वेडिंगमध्ये मारली गेलेली केटलिन स्टार्क. तिसऱ्याच्या उपसंहारात ती परत येते: बेरिक डोंडॅरियन स्वतःचा जीव देऊन तिला उठवतो आणि ती कत्तल करणाऱ्या फ्रे मंडळींना फासावर लटकवत फिरते. नाव लेडी स्टोनहार्ट. मालिकेत ती नाहीच. तुम्ही चौथ्यापासून सुरुवात केलीत, तर ब्रिएनच्या गळ्यात फास अडकवायला लावणारी ही बाई कोण, हेच कळायचं नाही.

तळटीप
वरच्याला +१. आणखी एक कारण, कथेपेक्षा सांगण्याच्या पद्धतीचं.

पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या डोक्यातून चालतं, वर शीर्षक म्हणून त्याचं नाव. केटलिनचा मुलगा रॉब, त्याच्या नावाचं एकही प्रकरण नाही. त्याचं लग्न आपल्याला त्याच्या आईबरोबरच कळतं, होऊन गेल्यावर. ती मुलगीही मालिकेतली टलीसा नव्हे, जेन वेस्टरलिंग. रॉब जखमी असताना ती त्याची शुश्रूषा करते, त्यात धाकटे भाऊ ब्रॅन आणि रिकन मारले गेल्याची बातमी येते, एक रात्र घडते, आणि मग तिची अब्रू जपायला तो लग्न करतो. म्हणजे बापाच्याच वळणाने जाऊन स्वतःचा घात करून घेतो. मालिकेत ते सरळसोट प्रेम आहे. रेड वेडिंगला जेन हजरही नसते, तिला मागे रिव्हररनला ठेवलेलं असतं.

थिऑनचं तर विचारूच नका. तिसऱ्या सीझनभर त्याचे हाल कॅमेऱ्यासमोर चालतात. पुस्तकात तो दुसऱ्याच्या शेवटी गायब होतो आणि तिसऱ्या-चौथ्यात त्याचं एकही प्रकरण येत नाही. पाचव्यात 'रीक' नावाचं एक प्रकरण लागतं. अंधारकोठडीत कोणीतरी उंदीर पकडून कच्चाच खातोय, दात तुटलेले असल्यामुळे चावताना दुखतंय, आणि स्वतःचं नाव विसरू नये म्हणून तो यमक जुळवतोय. हा कोण, ते आपलं आपण ओळखायचं. पुढच्या प्रकरणांची शीर्षकं बघत जा: रीक, मग 'विंटरफेलचा राजपुत्र', 'फितूर', 'विंटरफेलमधलं भूत' अशा अर्थाची, आणि सगळ्यात शेवटी नुसतं 'थिऑन'. माणूस परत आला हे अनुक्रमणिकेवरून कळतं. हे पडद्यावर आणायचं कसं?

दुसरी_बाजू
पुस्तक नेहमीच भारी, या सुरात सूर मिसळायच्या आधी थोडं मालिकेच्या बाजूने. एका डोक्यातून बघण्याची किंमत पुस्तकही मोजतं. पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात रॉबर्ट आणि सर्सी आपल्या मोडक्या संसाराबद्दल शांतपणे बोलत बसतात, तो प्रसंग पुस्तकात असूच शकत नाही. रॉबर्टच्या नावाचं प्रकरण कधीच नाही आणि सर्सीचं पहिलं थेट चौथ्या पुस्तकात. हॅरनहालला आर्या टायविनची साकी होते हेही मालिकेचंच, पुस्तकात ती रूझ बोल्टनच्या चाकरीत असते. दोन्ही ठिकाणी मालिका सरस, असं माझं ठाम मत.

हार्डहोमचंही तसंच. पाचव्या सीझनचा आठवा भाग पुस्तकात शोधायला गेलात तर हाती एक पत्र लागेल. जॉन स्नो तिथे जातच नाही. तिथे गेलेल्या कॉटर पाइकने पाठवलेल्या चार ओळी भिंतीवर (उत्तर सीमेवरच्या, जॉनच्या पहाऱ्याच्या ठाण्यावर) पोचतात: जंगलात मेलेले, पाण्यात मेलेले. वाचताना अंगावर काटा येतो हे खरं, पण त्या चार ओळींतून तो भाग उभा करणं खायचं काम नाही.

उलट्या बाजूने, ब्लॅकवॉटरची लढाई. दुसऱ्या सीझनचा नववा भाग खुद्द मार्टिनने लिहिलेला (मालिकेचे चार भाग त्याचे आहेत), तरी त्यात साखळी नाही. पुस्तकात टिरियन शहरातल्या लोहारांना इतर कामं बाजूला ठेवायला लावून एक अजस्र साखळी घडवून घेतो. ती नदीच्या मुखाशी पाण्याखाली सोडलेली. स्टॅनिसचं आरमार आत शिरलं की ब्रॉन बैलांना चाबूक ओढतो, रहाट फिरतात, साखळी वर येते. पुढे वाइल्डफायर (पाण्यावरही पेटणारं द्रव्य), मागे साखळी, मध्ये अडकलेली जहाजं एकमेकांवर आदळून पेटतात. मालिकेत एक रिकामं जहाज आणि ब्रॉनचा एक पेटता बाण. दिसायला झकास, पण स्टॅनिसची उरलेली जहाजं मागे का वळत नाहीत, याचं पुस्तकासारखं उत्तर तिथे नाही.

गाठीगुंता
पाचव्या सीझनबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि खरा सांधा तिथेच निखळतो. एक बदल धरून मागोमाग जाऊ.

पुस्तकात लिटलफिंगर सान्सा बोल्टनांना देत नाही. ती व्हेलच्या खोऱ्यातच आहे, अलेन स्टोन या खोट्या नावाने, आणि तिचं लग्न हॅरल्ड हार्डिंगशी लावायचा त्याचा डाव आहे. रॅमसेशी लग्न लागतं ते जेन पूलचं. ही सान्साची मैत्रीण, विंटरफेलच्या कारभाऱ्याची मुलगी. तिला 'आर्या स्टार्क' म्हणून उभी केलेली.

आता भिंतीवर या. जॉनला ती खरीच आर्या वाटते. तटस्थ राहायची शपथ आहे, पण सगळ्यांत लाडकी बहीण त्या राक्षसाच्या घरात! तो रानटी टोळ्यांचा राजा मॅन्स रेडर याला, जो पुस्तकात पुजारीण मेलिसांड्राच्या जादूमुळे जिवंत आहे, गुपचूप तिकडे पाठवतो. मग रॅमसेच्या सहीचं पत्र येतं: माझी बायको परत दे. जॉन ते भर दालनात वाचून दाखवतो आणि मी विंटरफेलवर चाललो असं जाहीर करतो. त्यानंतर लगेच सुरे बाहेर निघतात. जॉनचाच सहकारी बोवेन मार्श वार करताना रडत असतो, कारण त्याच्या लेखी शपथ जॉननेच मोडलेली असते. आणि पटो न पटो, त्याचं म्हणणं चूक नाही.

मालिकेने जेन पूलच्या जागी सान्सा बसवली. कारण उघड आहे: आठ-दहा संवादांच्या नव्या मुलीपेक्षा चार वर्षं बघितलेली मुलगी प्रेक्षकाला जास्त चटका लावते. पण त्याबरोबर जॉनचा गुन्हाच नाहीसा झाला. मग त्याला मारायला कारण हवं, म्हणून सगळा भार रानटी टोळ्यांना आत घेतल्याच्या रागावर टाकला आणि त्यासाठी ऑली नावाचा मुलगा घडवला, जो पुस्तकात नाहीच. कटाचा म्होरक्या ॲलिसर थॉर्न दाखवलाय, पुस्तकात तर तो तेव्हा गस्तीवर बाहेर आहे. जॉन मालिकेत निर्दोष मरतो, पुस्तकात नाही.

डॉर्नचा पचकाही असाच. आरियान आणि क्वेंटिन ही डॉर्नच्या शासकाची, डोरानची, थोरली दोन मुलं गाळली, त्यामुळे डोरानचा डेनेरिसच्या घराण्याशी सोयरीक करायचा वर्षानुवर्षांचा बेत गेला आणि तो नुसता खुर्चीत बसलेला म्हातारा उरला. डोरानच्या मेलेल्या भावाची जोडीदार एलेरिया हिला सूडाने पेटलेली दाखवलंय, पुस्तकातली एलेरिया हा सूड थांबणार कधी असं विचारते.

काठावरचा
पटलं, पहिल्यापासूनच घेतो. चौथं-पाचवं एकत्र वाचायचं तेवढं राहिलं.

पानकिडा
पहिल्या वाचनात एकत्र नको. मार्टिनने ही दोन पुस्तकं काळाप्रमाणे न तोडता पात्रांप्रमाणे तोडली आहेत. चौथ्यात किंग्ज लँडिंग, रिव्हरलँड्स, लोहबेटं, डॉर्न. पाचव्यात भिंत, उत्तर आणि समुद्रापलीकडचं बरंचसं. बराच काळ दोन्ही समांतर चालतात. पाचव्याच्या उत्तरार्धात काळ पुढे सरकतो आणि जेमी, सर्सी, आर्या परत येतात. चौथ्यात ४६ प्रकरणं, पाचव्यात ७३. त्यांची सरमिसळ करून चाहत्यांनी याद्या केल्यात, दुसऱ्या वाचनाला छान आहेत.

पहिल्यांदा काय बिघडतं ते सांगतो. जॉनचा मित्र सॅम आणि तान्हं मूल घेतलेली गिली भिंतीवरून निघतात तो निरोप दोन्ही पुस्तकांत आहे, एकदा सॅमच्या बाजूने, एकदा जॉनच्या. चौथ्यात गिली जहाजावर सारखी रडत असते. सॅमला वाटतं समुद्राची भीती, घर सुटल्याचं दुःख. नंतर सोबतच्या म्हाताऱ्या एमॉनच्या बोलण्यातून उलगडतं की तिच्या कडेवरचं मूल तिचं नाहीच, जॉनने बाळं बदलली आहेत. पाचव्यातलं जॉनचं दुसरं प्रकरण आधी वाचलंत की हे सगळं फुटलं. तेव्हा आधी चौथं पूर्ण, मग पाचवं.

चौथ्यात सर्सीची दहा, ब्रिएनची आठ आणि जेमीची सात प्रकरणं आहेत. टिरियन, जॉन, डेनेरिस यांचं एकही नाही. तिथेच अनेकांची गाडी अडते. ब्रिएन सान्साला शोधत भटकते आणि सान्सा कुठे आहे ते आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे काहीच घडत नाही असं वाटतं. ती प्रकरणं शोधासाठी वाचू नका, युद्ध संपल्यावर गावांचं काय झालं ते बघायला वाचा. मेरिबाल्ड नावाचा अनवाणी साधू लढाईतून पळालेल्या सैनिकांबद्दल बोलतो तेवढं तरी चुकवू नका.

तळटीप
शेवटी घराण्यांच्या याद्या असतात. नावं विसरली की त्या उघडाव्याशा वाटतील. उघडायच्याच तर हातात आहे त्याच पुस्तकाच्या, पुढच्याच्या नव्हे. कोण मेलं आणि गादीवर कोण बसलंय ते तिथे सरळ छापलेलं असतं, आणि त्यातलं सगळंच तुम्ही मालिकेत पाहिलेलं नाही.