निधनाच्या बातमीत 'लॉस्ट द बॅटल' लिहिणं बंद व्हायला हवं

निरभ्र:
इंग्रजीत कुणी कॅन्सरने गेलं की बातमी ठरलेली असते, 'लॉस्ट हिज बॅटल विथ कॅन्सर' नाहीतर 'आफ्टर अ करेजस फाइट'. हार्ट अटॅकने गेलेल्या माणसाबद्दल असं कोणी लिहीत नाही. कॅन्सरच्याच वाट्याला हे का? माझं मत असं की निधनाच्या बातमीतून हे जायला हवं, कारण बॅटल म्हटली की कोणीतरी हरणार, आणि हरतो तो दरवेळी पेशंटच. डॉक्टरी इंग्रजीत तर 'पेशंट फेल्ड कीमोथेरपी' असं सर्रास लिहितात, औषध लागू पडलं नाही तरी नापास पेशंट.

अमेरिकन सिनेटर जॉन मॅकेनचंच बघा. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं युद्धकैदी होते. जुलै २०१७ मध्ये त्यांना ग्लायोब्लास्टोमा असल्याचं जाहीर झालं तेव्हा ओबामांनी लिहिलं की आपली गाठ कोणाशी पडलीय हे कॅन्सरला माहीत नाही. २००८ ला हे दोघं एकमेकांविरुद्ध निवडणुकीत उभे होते, त्यामुळे त्यातला मोठेपणा कळतो मला. पण हा मेंदूचा असा ट्यूमर आहे की सगळे उपचार घेऊनही निम्म्याहून जास्त पेशंट दीड वर्षसुद्धा काढत नाहीत, मग तो सैनिक असो की शाळामास्तर. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांनी उपचार थांबवल्याचं घरच्यांनी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. हा माणूस लढायला कमी पडला असं म्हणायचंय का?

काळी_माती:
नाही पटलं. मी स्वतः ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारांतून गेलेय, म्हणून जरा लांब लिहितेय. आपल्याकडे घरात या आजाराला आधीच एक शब्द तयार असतो, भोग. भेटायला येणारी प्रत्येक बाई हेच म्हणायची, भोग असतात गं, भोगून संपवायचे, आणि मी पडल्यापडल्या ऐकायची. त्यात माझ्या हातात काहीच नाही ना. माझ्या भाचीने मला 'यू आर अ फायटर मावशी' असा मेसेज पाठवला, तो मी दर कीमोला जाताना वाचायचे, तोंड आलेलं, पाणी गिळताना जीव जायचा, पण फायटर म्हटलं की वाटायचं मी पण काहीतरी करतेय, नुसती सोसत नाहीये. तुम्ही तो शब्दच काढून घेतला तर मला परत भोगावर नेऊन बसवाल.

पेठेतला_वाचक:
हा शब्द कुठून आला तेही बघा, नुसतं पत्रकारांवर खापर नको. पहिलं कीमोचं औषध खरोखर युद्धातून आलंय. मस्टर्ड गॅस पहिल्या महायुद्धात वापरला, त्याच्याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड १९४२ मध्ये येल विद्यापीठात लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, पेशंटला दिलं गेलं. पुढे डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सननी नॅशनल कॅन्सर अ‍ॅक्टवर सही केली, त्याला सगळे 'वॉर ऑन कॅन्सर' म्हणायला लागले आणि सरकारने संशोधनाला भरपूर पैसा दिला. 'जर्नी अगेन्स्ट कॅन्सर' म्हणून कोणी एवढी तिजोरी उघडली असती का? इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्रातही, पेशींचं नाव 'नॅचरल किलर सेल' आहे. एका वाक्यावर बंदी घालाल, बाकीच्या सगळ्या शब्दांचं काय?

निरभ्र:
@पेठेतला_वाचक, सरकारने वॉर म्हणावं, लॅबमध्ये किलर म्हणावं, तिथे हरणारा माणूस नसतो. पण 'वॉर'सारख्या मोहिमेच्या भाषेतही तोटा आहेच. २०१५ मध्ये हाउझर आणि श्वार्झ या संशोधकांचा एक पेपर आला होता, कॅन्सरबद्दल शत्रू आणि युद्धाच्या भाषेत वाचलेले लोक सिगारेट, दारू अशा गोष्टी कमी करायला कमी तयार दिसले. पटण्यासारखं आहे, लढाई म्हणजे चाल करून जाणं, आणि तंबाखू सोडणं म्हणजे स्वतःला आवरणं. आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर किती आहेत ते वेगळं सांगायला नको.

@काळी_माती ताई, तुमच्याकडून कोणी काही काढून घेत नाहीये. मी फक्त गेलेल्या माणसाबद्दल बोलतोय.

साधा_माणूस:
ताई, तुमचा राग समजतो पण दुसरी बाजू सांगतो. माझे वडील शेवटच्या स्टेजला होते, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की आणखी कीमोने फार फरक पडणार नाही, त्रास मात्र होईल. वडील म्हणत होते मला घरी न्या. आणि आम्ही सगळे, बाहेरचे भाऊ फोनवरून, 'डोन्ट गिव्ह अप पप्पा', 'कीप फायटिंग'. त्यांनी आमच्यासाठी आणखी कीमो घेतली. माघार घेणं म्हणजे भित्रेपणा हे या भाषेतच बसलेलं आहे, तिच्यात थांबण्यासाठी इज्जतदार शब्दच नाही. इंग्लंडमधल्या डॉक्टर केट ग्रेंजर, ज्यांनी डॉक्टर-नर्सनी पेशंटला आधी स्वतःचं नाव सांगावं यासाठी 'हॅलो माय नेम इज' मोहीम सुरू केली, त्या स्वतः कॅन्सर पेशंट होत्या आणि त्यांनी लिहून ठेवलं होतं की माझ्याबद्दल लढाई हरली असं म्हणू नका. २०१६ ला गेल्या. एका पेशंटने इतकं स्पष्ट सांगितल्यावर आणखी कुणाचं मत पाहिजे?

काळी_माती:
एका पेशंटने सांगितलं, दुसरी पेशंट मी सांगतेय ना. लँकेस्टर विद्यापीठाने पेशंट, घरचे आणि डॉक्टर-नर्स यांचं पंधरा लाख शब्दांचं बोलणं-लिहिणं तपासलंय, त्यात निघालं की लढाईच्या शब्दांनी काहींना बळ येतं, काहींना अपराधी वाटतं, आणि 'प्रवास' म्हटल्यानेही तेच दोन्ही होतं. म्हणजे कुठलाच शब्द सगळ्यांसाठी चांगला नाही की वाईट नाही. तुमच्या वडिलांना घरी न्यायला हवं होतं हे खरंच, वाचून वाईट वाटलं. पण ते शब्दामुळे अडलं असं मला नाही वाटत, त्यांना कोणी विचारलं नाही म्हणून अडलं.

साधा_माणूस:
विचारलं होतं ताई. ते घरी न्या म्हणाले, आम्हाला ते 'गिव्ह अप' असं ऐकू आलं.

जर्सीकर:
मी न्यू जर्सीत असतो. इथे पेपरात आईची ऑबिच्युअरी मी स्वतः लिहिली आणि त्यात 'लॉस्ट हर बॅटल' लिहिलं, परत लिहायची वेळ आली तरी तेच लिहीन. ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनेलचा अँकर स्टुअर्ट स्कॉट, त्यालाही कॅन्सर होता, त्याचं २०१४ चं भाषण मी ऐकलंय, मरण आलं म्हणजे कॅन्सरसमोर हरलात असं नाही, तुम्ही कसे जगलात त्यातून त्याला हरवता. चांगलं बोलला, पुढच्या जानेवारीत तो गेला. पण माझ्या आईला असलं समाधान नको होतं. तिला जगायचं होतं, नातीचं लग्न बघायचं होतं, आणि ते तिला मिळालं नाही, याला मी हरणं नाही तर काय म्हणू? 'शांतपणे निघून गेली' लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. हरण्यात लाज आहे हे तुम्ही धरून चालताय, निरभ्र. मी नाही धरत.

निरभ्र:
तुमच्या आईंबद्दल लिहायचा हक्क तुमचा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण त्या सब-एडिटरशी आहे जो पेशंटला ओळखत नाही, घरच्यांना विचारत नाही आणि तेच वाक्य चिकटवतो. आपले पेपरही 'कॅन्सरशी झुंज अखेर अपयशी' असंच छापतात. त्यांनी 'कॅन्सरने निधन' एवढंच लिहावं, वय लिहावं, माणसाने आयुष्यात काय केलं ते लिहावं. लढाई म्हणायचं की नाही ते घरचे सांगतील.