इंद्रवज्राचा फोटो मळकट आला, एक्स्पोजर कसं धरावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मागच्या सप्टेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्कामी होतो. सकाळी कोकणकड्यावर पोचलो तर पाठीशी ऊन आणि समोर दरी धुक्याने काठोकाठ भरलेली. इंद्रवज्र दिसायला जसं लागतं अगदी तसं. आणि दिसलंच! मधोमध माझी सावली, भोवती गोल इंद्रधनुष्य. जेमतेम अर्धं मिनिट टिकलं, हात थरथरत होते.

ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र मी ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा), एफ ८, आयएसओ २०० ठेवलं होतं. फोटोत पांढरंशुभ्र धुकं राखाडी आलंय. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर धुक्याला फसतो हे कळतं, पण एक्स्पोजर +१ केलं, म्हणजे दुप्पट उजेड घेतला, तर त्या गोल इंद्रधनुष्याचे फिके रंगच उडतील अशी भीती वाटते. तुम्ही अशा वेळी किती वाढवता? ढग सरकले की क्षणात उजेड बदलतो, तेव्हा मॅन्युअल (सगळं हाताने ठरवणं) बरं की ब्रॅकेटिंग (कमी-जास्त एक्स्पोजरचे लागोपाठ फोटो)? पोलरायझर फिल्टरने (चमक कमी करणारी काच) रंग खुलतात की उलट पुसले जातात?

शिवाय लेन्सवर सारखे बारीक तुषार बसत होते. आईच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्याने पुसलं, तर काच आणखी धुरकट झाली. तिथे तुम्ही काय वापरता?

यंदा पुन्हा जातोय. स्वतः काढलेला फोटो असेल तर सेटिंगसकट नक्की टाका.