मराठी आणि चिनी मजकूर एकाच लाटेक दस्तऐवजात

प्रश्न (सांगली): हळदीच्या निर्यातीसाठी मराठी-चिनी माहितीपत्रक तयार करीत आहे. लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीच्या झीलाटेक (XeLaTeX) या प्रकारावर मराठी नीट उमटते, परंतु चिनी अक्षरांच्या जागा रिकाम्याच राहतात. काय करावे?

उत्तर १: झीसीजेके (xeCJK) हे चिनी, जपानी व कोरियन मजकुरासाठीचे पॅकेज जोडा. देवनागरी फॉन्टमध्ये चिनी अक्षरे नसतात, म्हणून त्यांचा फॉन्ट स्वतंत्रपणे सांगावा लागतो. शिवाय चिनीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसल्याने ओळ कोठे तोडावी आणि पूर्णविराम ओळीच्या आरंभी येणार नाही हे कसे साधावे, याची काळजीही हेच पॅकेज घेते.

उत्तर २: सहमत. फान्डोल हे चिनी फॉन्ट टेक लाइव्ह या लाटेकच्या संचासोबतच मिळतात, मात्र ग्राहक तैवानचा असून पारंपरिक (म्हणजे सरलीकृत नसलेली) अक्षरे हवी असतील, तर त्यांत बरीच सापडणार नाहीत. तेव्हा नोटो सेरिफ सीजेके टीसी (Noto Serif CJK TC) हा पारंपरिक चिनी अक्षरांचा फॉन्ट घ्यावा. आणि तिरपा ठसा (इटॅलिक) कृपया नको, चिनी छपाईत तो विचित्रच दिसतो. भर देण्यासाठी काई ही हस्ताक्षरासारखी अक्षरशैली वापरतात.