पॅराफ्रेज केलं तरी संदर्भ द्यायचा का?

थिसिसचा दुसरा चॅप्टर लिहितेय. एका पेपरमधला परिच्छेद पूर्ण माझ्या शब्दांत लिहिलाय, तरी गाईड म्हणतात सायटेशन टाक. शब्द माझेच आहेत ना, मग कशाला?

कोरापान: द्यायचाच. शब्द तुझे असले तरी विचार त्यांचाच आहे ना. आणि नुसते शब्द बदलणं म्हणजे पॅराफ्रेज नाही, 'झोप कमी झाली की स्मरणशक्ती क्षीण होते' याचं 'निद्रा घटली की स्मृती दुबळी होते' केलंस तर वाक्याचा सांगाडा तोच राहतो, त्यापेक्षा मूळ पान बंद कर, काय समजलं ते लिही, मग ताडून बघ.

समासातला: +१. जसंच्या तसं घेतलंस तर अवतरणचिन्हं आणि पान नंबर दोन्ही हवं. एपीए स्टाईलमध्ये (संदर्भ देण्याची एक ठरलेली पद्धत) ४० किंवा जास्त शब्दांचा उतारा वेगळा, आत सरकवून द्यायचा, तिथे अवतरणचिन्हं नाहीत. नोट्स काढतानाच पान नंबर टिपून ठेव गं, सबमिशनच्या आदल्या रात्री शोधत बसणं फार वाईट.

प्रश्नकर्ती: आणि टर्निटिनचे, म्हणजे मजकुरातलं साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे, टक्के?

कोरापान: तो फक्त जुळणारा मजकूर दाखवतो, नीट अवतरण दिलेलाही त्यात येऊ शकतो. आकड्यापेक्षा रिपोर्ट उघडून एकेक जुळणी बघ.