अनुभव धागा: आई-बाबांना घेऊन लाँग वीकेंडला पोर्तो रिको

धागाकर्ती, न्यू जर्सी

आई-बाबा डोंबिवलीहून आलेत. इथल्या थंडीत बाबा नुसते घरात बसून कंटाळलेत, म्हणून फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या लाँग वीकेंडला कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटाचा विचार चाललाय. नूअर्कहून तिथल्या राजधानीला, सान हुआनला, थेट विमान आहे. आई पक्की शाकाहारी. बाबांचे गुडघे दुखतात, पण किल्ला आणि समुद्र म्हटलं की ते सगळं विसरतात. जाऊन आलेल्यांनी काय पाहिलं ते लिहाच, पण एवढ्या कमी वेळात काय सोडून द्यावं हेही सांगा. मला त्याचीच जास्त गरज आहे.

एडिसनहून

आधी कागदपत्रं. पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग असल्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही, विमानही देशांतर्गतच. आम्ही गेलो तेव्हा नवऱ्याच्या पासपोर्टातला एच-१बीचा (नोकरीच्या व्हिसाचा) शिक्का संपलेला होता, त्याने काही अडलं नाही. तरी मूळ पासपोर्ट, आय-७९७ (मंजुरीची नोटीस) आणि आय-९४ची (अमेरिकेत आल्याच्या नोंदीची) प्रत जवळ ठेवाच. आई-बाबांचेही पासपोर्ट हातातल्या पिशवीत असू देत. कोणी तुम्हाला शेजारचं सेंट थॉमस सुचवेल. तेही अमेरिकेचंच, पण तिथून परतताना इमिग्रेशनची तपासणी होते आणि गाड्या डावीकडून चालतात. क्रूझचा विचार असेल तर ती दुसऱ्या देशांच्या बेटांवरही थांबते आणि तिथे नियम बदलतात. थोड्या दिवसांसाठी सान हुआनला उतरून तिथेच राहणं सगळ्यात सोपं. आणि हो, हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे असतं.

ह्यूस्टनहून, मूळचा पुण्याचा

बाबांना किल्ल्यांची आवड आहे म्हणताय, मग एक अख्खा दिवस जुन्या सान हुआनला द्या. समुद्राच्या तोंडावरच्या एल मोरो किल्ल्याचं बांधकाम स्पॅनिशांनी १५३९ मध्ये सुरू केलं. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेक समुद्रातून चालून आला आणि या किल्ल्याच्या तोफांनी त्याला परतवला. पण तीनच वर्षांनी कंबरलंडचा अर्ल हा इंग्रज सरदार जमिनीच्या बाजूने आला आणि त्याने किल्ला घेतला. त्याच्या सैन्यात हगवणीची साथ पसरली, म्हणून तो सोडून गेला. १६२५ मध्ये डच आले. किल्ला हाती येईना, तेव्हा त्यांनी शहर जाळलं. एवढं झाल्यावर स्पॅनिशांनी जमिनीच्या बाजूला दुसरा किल्ला उभारला, तो सान क्रिस्तोबाल. म्हणून हे दोन्ही किल्ले एकाच दिवशी पाहावेत, एकामुळे दुसरा कळतो. दोन्हींना मिळून एकच तिकीट चालतं.

एल मोरोच्या टोकाला गरिता आहे, म्हणजे पहारेकऱ्याची दगडी गोल छत्री. एक माणूस जेमतेम मावेल एवढीच जागा. आत उभं राहिलं की उन्हाची झळ एकदम थांबते. भिंतीतल्या फटीतून पाहिलं की बंदराचं तोंड बरोबर समोर येतं, येणारं प्रत्येक जहाज त्या फटीतूनच जातं. मी तिथे बराच वेळ उभा होतो. १६६४ मध्ये महाराजांनी सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं तेव्हा हा किल्ला सव्वाशे वर्षांचा होता, हे तिथे उभं राहिल्यावर जाणवलं आणि अंगावर काटा आला.

गुडघ्यांसाठी सांगतो. एल मोरोला जायला मोठं मोकळं मैदान ओलांडावं लागतं आणि त्यात सावली नाही. आतला उतारही तीव्र आहे. सकाळी किल्ला उघडताच जा, बाबांना वरच्या मजल्यांवरच फिरवा, खालपर्यंत नेऊ नका. उतरत्या उन्हात त्या मैदानात पोरं पतंग उडवत असतात, तेव्हा हिरवळीवर नुसतं बसायलाही छान वाटतं. सान क्रिस्तोबालमध्ये पावसाचं पाणी साठवायची प्रचंड भूमिगत टाकी आहेत. रायगडावरची टाकी पाहिलेल्या माणसाला ती दाखवाच.

अटलांटाहून

विमानाचं तिकीट काढण्याआधी कालनिर्णय उघडा, हे अगदी मनापासून सांगतेय. फहार्दोजवळच्या लागूना ग्रांदे या खाडीत रात्री पाणी चमकतं. त्यात पिरोडिनियम नावाचे सूक्ष्म जीव असतात आणि पाणी हललं की ते निळसर उजेड देतात. चांदणं असेल तर फारसं काही दिसत नाही. शुक्ल पक्षात चंद्र संध्याकाळपासूनच आकाशात असतो. संकष्टीला तो नऊच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज पाऊण-एक तास उशिरा. म्हणजे संकष्टीनंतर दोन-तीन दिवसांपासून अमावास्येपर्यंत संध्याकाळची पहिली फेरी अंधारातच होते. अमावास्येलाच जायला हवं असं काही नाही.

आम्ही कयाकने गेलो. खारफुटीच्या बोगद्यातून, पुढच्या कयाकचा मिणमिणता दिवा बघत. फांद्या डोक्याला लागत होत्या. खाडी उघडली, मुलीने पाण्यात हात घातला आणि तिची पाचही बोटं उजळली. हात बाहेर काढल्यावर मनगटावरून ठिणग्या ओघळाव्यात तसे थेंब पडले. कोकणात काही हिवाळ्यांत लाटा चमकतात त्या मी पाहिल्या आहेत, पण इथे उजेड आपल्या हाताशी असतो. आई-बाबांसाठी विजेवर चालणारी बोट घ्या, वल्हवायला नको. पाण्यात उतरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अंगाला सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावून जाऊ नका, त्याने त्या जीवांना अपाय होतो.

शिकागोहून

कुलेब्रा आणि व्हिएकेस या बेटांना या वेळी जाऊ नका. फेरीबोट सेइबा गावाहून सुटते, सान हुआनपासून तासाभराहून जास्त अंतर. भाड्याची गाडी फेरीवर चढवता येत नाही, त्यामुळे पलीकडे पुन्हा वाहन शोधा. तिकिटात स्थानिकांना प्राधान्य असतं, आणि असायलाच हवं, कारण दवाखाना आणि बाजारहाटासाठी त्यांना हीच फेरी आहे. ज्येष्ठांना घेऊन एवढ्या धावपळीत दिवस जातो.

टाम्पाहून

वरच्यांशी मी सहमत नाही. कुलेब्राचा फ्लामेन्को किनारा मी कधी विसरणार नाही. पांढरी वाळू, काचेसारखं पाणी आणि वाळूत अमेरिकी नौदलाने मागे टाकलेला गंजका रणगाडा, लोकांनी रंगवलेला. नौदल इथे तोफांचा सराव करायचं. लोकांनी आंदोलन केलं तेव्हा १९७५ मध्ये कुलेब्राला आणि २००३ मध्ये व्हिएकेसला तो थांबला. छोट्या विमानाने गेलात तर फेरीचा त्रास वाचतो. तरी गुडघ्यांचं वाचून म्हणतो, ठीक आहे, हे पुढच्या वेळी.

सॅन होजेहून

आईंच्या जेवणाबद्दल. मोफोंगो म्हणजे तळलेली कच्ची केळी लसणीबरोबर खलबत्त्यात कुटून केलेला गोळा. त्यात बहुतेक वेळा डुकराची कुरकुरीत तळलेली कातडी घालतात आणि भाताबरोबरच्या राजम्यातही हॅम असतो. "सिन कार्ने, सिन हामोन" (मांस नको, हॅम नको) असं म्हणा आणि रस्सा कशाचा आहे तेही विचारा. तोस्तोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले काप, सगळीकडे मिळतात. माझ्या मालवणच्या सासूबाईंना 'पाना'चे तोस्तोनेस दिले, तर पहिल्या घासातच त्या म्हणाल्या, "अगं, हा तर नीरफणस!" खरोखर तोच. त्यानंतर जेवणाची काळजी त्यांनीच करायची सोडली. गोडात आरोस कोन दुल्से घ्या: तांदूळ, नारळाचं दूध, लवंग, दालचिनी, बेदाणे. चवीला नारळीभाताच्या जवळचा. रस्त्यावर पिराग्वाच्या ढकलगाड्या असतात, बर्फ किसून त्यावर पाक. चिंचेचा घ्या.

डॅलसहून

एल युंके जंगल एका सकाळीत होतं. नऊच्या आत पोचा, पार्किंग भरतं. ला कोका धबधबा रस्त्यावरूनच दिसतो, चालायला लागत नाही. पाऊस केव्हाही येतो, छत्र्यांपेक्षा रेनकोट बरे. तिथून खाली लुकियोचा किनारा: खडकांच्या आडोशामुळे पाणी शांत, आई-बाबा निर्धास्त उभे राहतील. सान हुआनमधल्या कोंडादोला हॉटेल असलं तरी तिथल्या लाटांत त्यांना उतरवू नका, ओढ फार आहे. गाडी चालवणाऱ्यांसाठी: अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये, वेगाच्या मैलांत आणि पेट्रोल लिटरवर.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कालनिर्णय पाहिलं. लाँग वीकेंडला शुक्ल नवमी-दशमी येतेय. त्यामुळे दोन आठवडे पुढे ढकलून संकष्टीनंतरचा शनिवार-रविवार धरला, शुक्रवार-सोमवार रजा टाकली. एक दिवस दोन्ही किल्ले. एक दिवस सकाळी युंके, दुपारी लुकियो आणि रात्री तिथून जवळच फहार्दो. कुलेब्रा सोडलं. बाबांनी आतापासून सान क्रिस्तोबालचा नकाशा छापून घेतलाय.

एडिसनहून

फार छान बसवलंत. एकच राहिलं: परतताना विमानतळावर चेक-इनच्या आधी शेतीखात्याची तपासणी असते, सगळं सामान मशीनमधून जातं. ताजा आंबा न्यायला परवानगी नाही. आईंनी बाजारात फळं घेतली तर हॉटेलवरच संपवा.